एकी-बेकी

सोमवार. कुठल्या संताचा, ते विसरलो,
सुट्टी मात्र त्याच्याच नावाची.
आठवड्यात मध्येच पडलेला सण आम्ही इथे सोमवारी ओढून आणतो,
शनिवार-रविवारला जोडतो, आणि त्याला पूल म्हणतो.
मग पुलावरून अख्खं बोगोता
एकाच दुपारी घरी निघतं.

म्हणून नियम:
बारा ते चार, बेकी आकड्याच्या गाड्या शहरात.
चार ते आठ, एकीच्या.
माझ्या पिवळ्या पाटीवर शेवटचा आकडा सात.

टोलनाक्याच्या अलीकडे फ्लोरालबाची टपरी.
आज तिचा खरा सण.
सगळे साते, नव्वे, तिय्ये तिच्याच बाकांवर बसून
काळी कॉफी पितात, घड्याळाकडे बघतात.
दोन ओव्हिदियो टपावर गादी बांधून आलेत,
एक वाजल्यापासून तिच्याच सावलीत उभे.
"पाऊस आला तर?" मी विचारलं.
"मग गादी आत आणि मी टपावर," म्हणाले.

पाच वर्षांपूर्वी दुसरी गाडी घेतली
ती या नियमाला चकवायलाच.
विक्रेत्याला यामिले म्हणाली होती:
रंग कुठलाही द्या, आकडा बेकी हवा.
आम्ही हसलो होतो. आता रोज एक तरी चालेल!
वेगळे झालो तेव्हा वकिलाला
गाड्यांपाशी एक मिनिटही लागलं नाही.

नोएलियाचं काय ते ठरायला मात्र
चौदा महिने.

दोन वाजता यामिले आली, तुंहाहून, आईकडून.
चारची पाटी. इंजिन बंद केलं नाही.
"गृहपाठ?"
"अर्धा," मी म्हणालो. तो अर्धाही नव्हता.
पाइपाच्या गरम कुंडात पोरीनं तीन दिवस काढले,
केसांना अजून गंधकाचा वास.
ओला पोहण्याचा पोशाख पिशवीतून ठिबकत होता,
माझ्या सीटवरून तिच्या आईच्या सीटवर.

वाटेत तिनं विचारलं होतं: शून्य एकी की बेकी?
बेकी, मी म्हणालो.
"म्हणजे त्याचे दोन सारखे भाग होतात?"
होतात.
थोडा वेळ ती खिडकीतून गाई मोजत राहिली.
मग म्हणाली, "बरोबर. दोघांनाही काहीच नाही."

जाताना तिनं माझ्या तळहातावर मूठ रिकामी केली,
भाजलेल्या मक्याचे दाणे,
आणि माझी बोटं एकेक करून मिटली.
"एकी की बेकी?"
"एकी."
"बघायचं नाही. चार वाजता मोज."

गाडी नाक्यापलीकडे गेली.
काचेतून हात दिसला की सीटचा पट्टा, कळलं नाही.

मिटलेल्या मुठीनं कॉफी पिता येते.
पैसेही देता येतात, थोडे सांडतात.
फ्लोरालबानं विचारलं, हाताला लागलं का?
नाही म्हणालो. तिनं तरी एक गरम आल्मोहाबाना
दुसऱ्या हातात ठेवली, फुकट नाही,
पण मोठी बघून.

पावणेचारला सगळे उठू लागले.
लग्नातल्या पंगतीसारखे, आधी एक, मग एकदम सगळे.
दोन ओव्हिदियोंनी गादीची दोरी पुन्हा आवळली.
पोलिसानं शिट्टी तोंडात धरली
आणि वाजवली नाही, दोन मिनिटं कमी होती.

चार.
गिअर टाकायला हात लागतो, तो उजवाच.
दाणे सांडले: मांडीवर, सीटच्या फटीत,
दोन-तीन तर ब्रेकखाली.
मागून हॉर्न.
पोलिसानं पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं नाही,
जा, म्हणाला हातानं.

गेलो.
प्रत्येक ब्रेकला पायाखाली काहीतरी
बारीक फुटत होतं.